महामात्य वस्तुपाल : राजसेवेचा निर्मळ हिशेब

अबूच्या पर्वतावर देलवाड्याच्या मंदिरांचे दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू संगमरवरातील कमळे, तोरणे आणि नर्तिका यांचे वर्णन करताना थकत नाही. ज्यांनी या वैभवाचा एक भाग उभा केला ते वस्तुपाल आणि तेजपाल हे बंधू महान दानशूर होते, एवढेही आपल्या समाजात लहानथोरांना ठाऊक असते. परंतु हे दोघे मूलतः राजसेवक होते, राज्याचा वसूल, बंदराची जकात आणि सैन्याचा खर्च यांचा भार त्यांच्या शिरावर होता, याचा मात्र सहसा विसर पडतो. दानशूर म्हणून त्यांना वंदन करणे सोपे आहे. अधिकारपदावर राहून हात स्वच्छ कसे ठेवावेत आणि धन्याची मर्जी फिरली तरी मन शांत कसे राखावे, हा त्यांच्या चरित्रातील धडा अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक मोलाचा आहे.

घराणे आणि काळ

तेराव्या शतकाच्या आरंभी गुजरातची अवस्था शोचनीय होती. पाटणच्या गादीवर चौलुक्य कुळातील दुसरा भीमदेव होता. मांडलिक डोईजड झाले होते आणि चारही दिशांना शत्रू टपून बसले होते. अशा वेळी धोळका येथील वाघेला कुळातील लवणप्रसाद आणि त्याचा पुत्र वीरधवल यांनी राज्याचा डोलारा सावरून धरला.

वस्तुपाल-तेजपालांचे घराणे पाटणचे, प्राग्वाट म्हणजे पोरवाड ज्ञातीचे. चंडप, चंडप्रसाद, सोम आणि अश्वराज अशी ही परंपरा. आजोबा सोम हे सिद्धराज जयसिंहाच्या सेवेत होते. अश्वराज आणि कुमारदेवी यांना लूणिग, मल्लदेव, वस्तुपाल व तेजपाल असे चार पुत्र आणि सात कन्या होत्या. थोरला लूणिग अकाली निवर्तला. अबूवर एखादी लहानशी मूर्ती तरी आपल्या नावे बसवावी, अशी इच्छा त्याने मृत्युशय्येवर व्यक्त केली होती, असे परंपरा सांगते. त्या वेळी घरची स्थिती बेताची होती. धाकट्या भावांनी ती इच्छा मनात जपून ठेवली.

दोघे बंधू आरंभी भीमदेवाच्या सेवेत होते. विक्रम संवत १२७६ मध्ये, म्हणजे इ.स. १२२० च्या सुमारास, ते वीरधवलाकडे मंत्रिपदावर आले.

पदग्रहणापूर्वीची अट

या नेमणुकीच्या वेळची एक कथा प्रबंधग्रंथांत आली आहे. मेरुतुंगाचार्यांचा प्रबंधचिंतामणी इ.स. १३०५ चा आणि राजशेखरसूरींचा प्रबंधकोश इ.स. १३४९ चा. हे ग्रंथ वस्तुपालानंतर साठ ते शंभर वर्षांनी रचलेले असल्याने त्यांतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. तरीही समाजाने आपल्या थोर पुरुषाची कोणती आठवण जपावीशी मानली, हे त्यांतून निश्चित कळते.

कथा अशी की, मंत्रिमुद्रा हाती घेण्यापूर्वी वस्तुपालाने राजापुढे आपल्या घरची मालमत्ता मांडली. आज आपल्या कुटुंबाजवळ तीन लक्ष द्रव्य आहे, हे त्याने आधीच सांगितले. पुढे कधी चहाडखोरांच्या बोलण्याने राजाचे मन कलुषित झालेच, तर एवढे द्रव्य घेऊन आपल्याला सन्मानाने जाऊ द्यावे, असे वचन त्याने मागितले, आणि राजाने ते दिले.

आजही सरकारी सेवेत प्रवेश करणाऱ्याला आपल्या मालमत्तेचे विवरण द्यावे लागते. बहुतेकांना तो एक कागदी सोपस्कार वाटतो. वस्तुपालाच्या कथेत ते विवरण राजाने मागितलेले नाही, सेवकाने आपण होऊन दिलेले आहे. व्यापारी कुळातील मनुष्याला ही गोष्ट सहज उमगते. वहीचे पहिले पान लिहिताना आरंभीची शिल्लक ज्याने स्वच्छ अक्षरांत मांडली, त्याला अखेरच्या ताळेबंदाची भीती राहत नाही. या अटीत आणखी एक शहाणपण होते. राजाची मर्जी कायमची नसते, हे वस्तुपालाने मर्जीच्या पहिल्याच दिवशी ओळखले होते.

खंभातचा कारभार

वस्तुपालाकडे खंभातचा कारभार आला. खंभात म्हणजे त्या काळचे स्तंभतीर्थ, पश्चिम किनाऱ्यावरील भरभराटीचे बंदर. देशोदेशीची जहाजे तेथे लागत. अशा ठिकाणी अधिकाऱ्याला मिळकतीच्या वाटा अनेक आणि विचारणारे कोणी नाही, अशी स्थिती असते. प्रबंधांत म्हटले आहे की, वस्तुपालाने प्रथम जुन्या अधिकाऱ्यांनी दडपलेल्या रकमा वसूल केल्या आणि त्यांतून सैन्य उभे केले. रयतेवर नवा कर बसवण्यापेक्षा आधी गळती थांबवावी, हा त्याचा क्रम होता.

राजपुरोहित सोमेश्वर याने कीर्तिकौमुदी या काव्यात खंभातच्या कारभाराचे वर्णन केले आहे. नीच मार्गाने द्रव्य मिळवणाऱ्यांना वस्तुपालाने आळा घातला आणि समुद्रावरील लूटमार थांबवली, असे तो लिहितो. ताक विकण्यासाठी त्याने उंच भिंतींची आवारे बांधली, अशीही नोंद आहे. मोठ्या मंत्र्याच्या चरित्रात ताकाच्या विक्रीला स्थान मिळावे, याचे प्रथम नवल वाटते. परंतु बाजारातील सामान्य माणसाच्या पोटात काय जाते, याची काळजी वाहणारा अधिकारी लोकांच्या स्मरणात अधिक राहतो.

याच खंभातवर लाट देशाचा शंख चालून आला. त्या सुमारास देवगिरीचा यादव राजा सिंघण याची स्वारी दक्षिणेकडून गुजरातवर आली होती आणि उत्तरेकडे मारवाडचे राजे उठले होते. राजा दूर गुंतलेला असताना वस्तुपालाने खंभातचे रक्षण केले आणि शंखाला परतवून लावले. पुढे सिंघणाशी तह झाला. लेखपद्धती या पत्रलेखनाच्या जुन्या ग्रंथात सिंघण आणि लवणप्रसाद यांच्यातील तहाचा विक्रम संवत १२८८ चा नमुना आढळतो. दोघांनी आपापल्या सीमेत राहावे आणि परस्परांच्या मुलखाला उपद्रव देऊ नये, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यातील या शांततेचा उल्लेख मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वस्तुपाल स्वतः निष्ठावान श्रावक होता, तथापि त्याच्या दानाला पंथाची कुंपणे नव्हती. खंभातमधील भीमेश शिवमंदिरावर त्याने सुवर्णदंड आणि कलश चढवला. विहिरी, पाणपोया, पांथस्थांच्या विश्रांतीच्या जागा यांचे उल्लेख तर जागोजागी आहेत. त्याने मशिदीही बांधवल्याचे जैन ग्रंथकारांनीच नमूद केले आहे. बंदरात उतरणारा प्रत्येक मनुष्य हा राज्याचा अतिथी आहे, ही भावना त्यामागे दिसते.

द्रव्य कोठे ठेवावे

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. तीन लक्षांपासून आरंभ करणाऱ्या मंत्र्याजवळ इतकी मंदिरे उभारण्याइतके द्रव्य आले कोठून? प्रबंधांतील कोटींच्या संख्या स्तुतीच्या भरात वाढलेल्या आहेत, त्यांना जमाखर्चाची वही मानू नये. तरीही अबू, गिरनार आणि शत्रुंजय येथील कार्य दगडात उभे आहे. त्या काळी मंत्र्याला पदाबरोबर रीतसर उत्पन्न असे, युद्धातील लाभाचा वाटा मिळे, आणि घराण्याची स्वतःची संपत्ती असे. आजच्या वेतनश्रेणीचे माप तेथे लावणे योग्य नाही. हा प्रश्न त्यांच्या काळातही विचारला गेला, आणि त्याचे उत्तर त्यांच्या घरातील एका स्त्रीने फार पूर्वीच देऊन ठेवले होते.

ती स्त्री म्हणजे तेजपालाची पत्नी अनुपमादेवी, चंद्रावतीच्या धरणिगांची कन्या. प्रबंधांत कथा आहे की, एकदा यात्रेला निघालेले दोघे बंधू हडाळा गावी थांबले आणि वाटेतील भय ओळखून जवळचे द्रव्य जमिनीत पुरू लागले. खणताना तेथे उलट सोन्याने भरलेला हंडाच लागला. आता एवढ्या धनाचे करावे काय, असा पेच पडला. अनुपमादेवीचा सल्ला विचारण्यात आला. धन पर्वतशिखरावर असे ठेवावे की ते सर्वांना दिसेल, परंतु कोणालाही चोरता येणार नाही, असे तिने सुचवले. अबू आणि गिरनारवरील मंदिरांची कल्पना या सल्ल्यातून साकारली, असे मानले जाते.

या उत्तराचा अर्थ केवळ धार्मिक नाही. अधिकाऱ्याचे जे धन जमिनीखाली दडलेले असते, ते संशयाला जन्म देते. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर सर्वांच्या उपयोगासाठी मांडलेले असते, त्याचा हिशेब कोणीही केव्हाही पाहू शकतो.

शिल्पकारांचा सन्मान

अबूवरील लूणवसही हे श्री नेमिनाथ भगवंतांचे मंदिर तेजपालाने बांधवले. विक्रम संवत १२८७ च्या फाल्गुन महिन्यात, म्हणजे इ.स. १२३० मध्ये, नागेंद्रगच्छाचे आचार्य विजयसेनसूरी यांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठा झाली. शिलालेखानुसार हे मंदिर अनुपमादेवी आणि पुत्र लावण्यसिंह यांच्या पुण्यार्थ आहे. लूणवसही या नावात परंपरेला दिवंगत लूणिगाची ती जुनी इच्छाही पूर्ण झालेली दिसते.

या कामाचा प्रमुख शिल्पी शोभनदेव. काम फार संथ चालले आहे, अशी तक्रार एकदा झाली. अनुपमादेवी स्वतः अबूवर गेली आणि तिने शोभनदेवाला कारण विचारले. पर्वतावर थंडी कडक असल्याने सकाळी व सायंकाळी हात चालत नाहीत, आणि दुपारचा वेळ ज्याचा त्याला स्वयंपाक करण्यात जातो, असे त्याने सांगितले. तिने कोणाला दटावले नाही. कारागिरांजवळ शेगड्या ठेवण्याची, तयार भोजन मिळण्याची आणि दिवसा व रात्री वेगवेगळ्या कारागिरांनी काम करण्याची व्यवस्था तिने लावून दिली. कामाला वेग आला.

कथेचा तपशील कसाही असो, तिचे मर्म आजच्या कार्यालयांना आणि पेढ्यांनाही लागू पडते. काम का होत नाही हे वरिष्ठाने स्वतः जाऊन विचारणे, ही कर्मचाऱ्याच्या श्रमाची पहिली कदर होय. शाल आणि श्रीफळ वर्षातून एकदा मिळते. थंडीत शेगडी आणि वेळेवर जेवण मिळाले, तर माणसाला आपली किंमत रोज कळते. शोभनदेवाचे नाव आठशे वर्षांनंतरही मंत्र्यांच्या नावाबरोबर उच्चारले जाते, यातच त्या घराण्याची गुणग्राहकता दिसून येते.

मंदिर पूर्ण झाल्यावर पुढील व्यवस्थेचाही विचार झाला. लूणवसहीतील एका शिलालेखात मंदिराची देखभाल कोणी करावी हे स्पष्ट नमूद आहे. तिन्ही बंधूंचे वंशज आणि लावण्यसिंहाच्या आजोळची चंद्रावतीची मंडळी यांच्यावर ती जबाबदारी सोपवली आहे. वार्षिक उत्सव आठ दिवसांचा, आणि त्यातील एकेक दिवस कोणकोणत्या गावच्या श्रावकांनी सांभाळावा, याची वाटणीही दगडावर कोरली आहे. अबूच्या परमार राजा सोमसिंहाने मंदिराच्या खर्चासाठी एक गाव दिले, त्याची नोंद आहे. आजच्या भाषेत हा विश्वस्त संस्थेचा लेखच होय. पैसा दिला म्हणून कार्य चालत नाही, जबाबदाऱ्या नावानिशी वाटून द्याव्या लागतात, हे त्या मंत्र्यांना पुरते ठाऊक होते.

विद्वानांचा स्नेही

राज्यकारभाराच्या धकाधकीत वस्तुपालाने सरस्वतीची उपासना सोडली नाही. कवी त्याला वसंतपाल या नावाने गौरवत. श्रीकृष्ण आणि अर्जुन यांच्या मैत्रीवर त्याने नरनारायणानंद हे सोळा सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचले. सोमेश्वर, अरिसिंह, बालचंद्रसूरी, उदयप्रभसूरी, नरेंद्रप्रभसूरी अशा विद्वानांना त्याचा आश्रय होता. पाटण, खंभात आणि भरूच येथे त्याने ग्रंथभांडार स्थापन केल्याचे सांगतात.

उदयप्रभसूरींच्या धर्माभ्युदय काव्याची विक्रम संवत १२९० ची एक ताडपत्री प्रत खंभातच्या श्री शांतिनाथ भांडारात जपलेली आहे. ती खुद्द वस्तुपालाच्या हातची आहे. ज्याच्या एका शब्दावर शेकडो लेखनिक कामाला लागले असते, त्याने दुसऱ्याचा ग्रंथ स्वहस्ते उतरवून काढावा, यात त्याची नम्रता दिसते. स्वतःची स्तुती ऐकण्यात रमणारा मनुष्य हे काम करीत नाही.

मर्जी फिरल्यावर

इ.स. १२३८ च्या सुमारास वीरधवल निवर्तला आणि वीसलदेव गादीवर आला. वीसलदेवाला राज्य मिळण्यात वस्तुपालाचा मोठा वाटा होता, असे प्रबंध सांगतात. तरीही नव्या राजाभोवती नवे कानभरू जमा झाले. समराक नावाच्या प्रतिहाराने राजाच्या मनात भरवले की, मंत्र्यांच्या घरी अमाप द्रव्य दडलेले आहे. राजाने ते मागितले. जे होते ते शत्रुंजयासारख्या तीर्थांवर वेचले गेले, असे मंत्र्यांनी सांगितले. राजाचा विश्वास बसेना, आणि मडक्यातील सापाला हात घालून खरेपणा सिद्ध करण्याचे दिव्य त्यांच्यापुढे ठेवले गेले. त्या वेळी सोमेश्वराने धैर्याने मध्ये पडून राजाला सावध केले आणि हा प्रसंग टळला.

ही कथा जशीच्या तशी घडली असे म्हणणे कठीण आहे. तेजपाल वस्तुपालानंतरही काही वर्षे पदावर होता, हे पाहता मंत्र्यांना अपमानाने दूर केले गेले या कथेविषयी अभ्यासकांना शंका वाटते. परंतु ज्याने उभे आयुष्य राजसेवेत घालवले आहे, त्याला ही कथा खोटी वाटणार नाही. नवा वरिष्ठ येतो, जुन्या सेवेची नोंद पुसली जाते, ज्यांनी काहीच केले नाही ते आरोप करतात. अशा वेळी वस्तुपालाच्या बाजूने तीन गोष्टी उभ्या राहिल्या. पहिली, सेवेच्या आरंभी जाहीर केलेली मालमत्ता. दुसरी, पर्वतशिखरावर सर्वांना दिसणारा खर्च. तिसरी, एक असा मित्र की जो ज्ञातीचाही नव्हता आणि धर्माचाही नव्हता. सोमेश्वर शिवभक्त ब्राह्मण होता. अबूवरील जैन मंदिराची प्रशस्ती त्याने लिहिली आणि दरबारात जैन मंत्र्याची बाजूही त्यानेच घेतली. प्रामाणिक कामाची ओळख अनेकदा आपल्या माणसांच्या आधी परक्यांना पटते.

अपुरी यात्रा

संघपती म्हणून वस्तुपालाने शत्रुंजय आणि गिरनारच्या अनेक यात्रा केल्या. अखेरीस प्रकृती ढासळू लागली असता तो पुन्हा शत्रुंजयाकडे निघाला, परंतु वाटेत अंकेवालिया गावी विक्रम संवत १२९६ मध्ये, म्हणजे इ.स. १२४० मध्ये, त्याने देह ठेवला. ही तेरावी यात्रा अपुरी राहिली, म्हणून परंपरा त्याच्या साडेबारा यात्रा मोजते. भक्तिभावाने लिहिणाऱ्यांना ती संख्या तेरा करणे अवघड नव्हते. त्यांनी अर्धी यात्रा अर्धीच लिहिली. ज्याने आयुष्यभर चोख हिशेब ठेवला, त्याच्या पुण्याचा हिशेबही समाजाने चोखच ठेवला.

लूणवसहीच्या हस्तिशाळेत संगमरवरी हत्तींच्या मागे या कुटुंबातील स्त्री-पुरुषांच्या मूर्ती हात जोडून उभ्या आहेत. ज्यांनी मंदिर बांधले ते तेथे दाते म्हणून मिरवत नाहीत, भगवंतांच्या दारी सेवक म्हणून उभे आहेत. वाघेल्यांचे राज्य पुढे साठ-सत्तर वर्षांतच लयाला गेले. मंदिरालाही आक्रमणाचा तडाखा बसला, आणि विक्रम संवत १३७८ मध्ये पेथड नावाच्या श्रावकाने त्याचा जीर्णोद्धार केला. कारण ते जपण्याची आस समाजात शिल्लक होती.

आज आपल्या समाजातील अनेक तरुण व्यापाराबरोबरच प्रशासकीय सेवेत, बँकांत, न्यायालयांत आणि महसूल खात्यात पदे भूषवीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना मनाजोगी बढती मिळणार नाही, केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावे लागेल, कधी नाहक संशयही वाट्याला येईल. त्यांनी अबूच्या यात्रेत लूणवसहीच्या त्या हस्तिशाळेपाशी क्षणभर थांबावे. वस्तुपालाने आपल्या सेवेचा पहिला दिवस आपल्या घरची शिल्लक सांगून सुरू केला आणि शेवटच्या दिवशी तो यात्रेच्या वाटेवर होता. या दोन दिवसांच्या मधली सारी पाने कोणालाही उघडून दाखवता येतील अशी ठेवणे, हेच राजसेवकाचे तप आहे, आणि विश्वस्तांचेही.